दोन इंचांची महाभूतं

रविवारी दुपारी मुलुंडच्या आमच्या घरी जेवणं आटोपली की टेबल पुसून त्यावर चौकटींचा मोठा कागद पसरला जातो. यजमानीण माझी भाची. बोरिवलीची मैत्रीण दादरला गाडी बदलून येते. अंधेरीचे दोघे मेट्रोने घाटकोपर गाठतात, तिथल्या मित्राला बरोबर घेतात आणि तिघं मिळून स्लो लोकलने पुढे येतात. पाचही जण नुकते कॉलेजात गेलेले. मग दिवेलागणीपर्यंत वीस बाजूंचा फासा टेबलावर पडल्याचा आवाज घरभर येत राहतो.

खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि अडीनडीच्या प्रसंगी निकाल फासा देतो. गोष्ट सांगणाऱ्याला सगळीकडे डंजन मास्टर म्हणतात. आमच्या टेबलावर त्याला सूत्रधार म्हणतात. कागदावरची एक इंचाची चौकट म्हणजे गोष्टीतले पाच फूट. माणसाएवढं पात्र एका चौकटीत मावतं, त्याच्या पायाखाली कोल्ड्रिंकच्या बाटलीचं झाकण पुरतं. पण गेल्या श्रावणात गोष्ट अशा वळणावर आली, की एका मांत्रिकाला महाभूतं बोलवायची होती. पृथ्वी, आप, तेज आणि वायू. नियमांप्रमाणे ही चौघं ‘मोठी’, म्हणजे प्रत्येकी दोन इंच लांब आणि दोन इंच रुंद जागा अडवणारी. परदेशातून मागवायच्या रेझिनच्या मूर्ती मुलांच्या खिशाला परवडणाऱ्या नव्हत्या. भाची म्हणाली, “मावशी, तू दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे घरी करायचीस ना? मग ही चारही तूच कर.”

करायचे खरी. घाटकोपरच्या चाळीत आम्ही सात-आठ मुलं सहामाही परीक्षा संपायची वाट बघायचो. विटा, दगड, त्यावर ओलं गोणपाट, वरून चाळलेल्या मातीचा लेप आणि उतारावर आळीव-मोहरी पेरलेली. चार दिवसांत कोंब वर यायचे आणि डोंगर हिरवा व्हायचा. बाजारात मिळणारे मावळे साच्यातले, सगळ्यांचा उजवा हात सारखाच वर. आम्हाला दोर लावून कडा चढणारा मावळा हवा असायचा, तो कुठे मिळायचा नाही, म्हणून तो घरी व्हायचा. गंमत म्हणजे सिंहासनावरचे महाराज महादरवाजापेक्षा उंच असायचे आणि त्यात कोणालाही काही खटकत नसे. ज्याचं महत्त्व मोठं त्याचा आकार मोठा, हे प्रमाण आमच्या हातांनी न शिकवता उचललेलं होतं.

खुद्द या खेळाचा जन्मही असाच घरगुती आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा गावी राहणारे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटाचे डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये तो छापून विकायला आणला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. त्याआधी दोघांचीही वर्षं टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळण्यात गेली होती. राक्षसांच्या मूर्ती मिळत नसत, म्हणून गायगॅक्स हाँगकाँगहून येणारी स्वस्त प्लास्टिकची खेळणी वापरत. कुठल्या जातीचा प्राणी आहे तेही कळू नये अशी ती वेडीवाकडी जनावरं. त्यांतल्या एकाकडे बघून लोखंड गंजवून खाणारा प्राणी सुचला, दुसऱ्यावरून घुबडाच्या तोंडाचं अस्वल. खेळणं आधी आलं, गोष्ट मागून. म्हणून टाकाऊतून मूर्ती घडवणाऱ्याने इथे अंग चोरायचं काही कारण नाही.

महाभूतं 1974 च्या पहिल्या पुस्तिकांपासून खेळात आहेत. युरोपात त्यांना अंगरूप देण्याची परंपरा त्याहून बरीच जुनी. सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्सस या वैद्याने चार तत्त्वांत राहणारे चार जीव वर्णिले होते. मातीत नोम, पाण्यात उंडीन, वाऱ्यात सिल्फ, आगीत सॅलमँडर. पण मी थबकले ती निराळ्या ठिकाणी. खेळाच्या 2014 च्या नियमपुस्तकात महाभूत बोलावण्याच्या मंत्राला लागणारं साहित्य दिलं आहे. वायूसाठी जळता धूप, पृथ्वीसाठी मऊ माती, तेजासाठी गंधक आणि फॉस्फरस, पाण्यासाठी पाणी आणि वाळू. मी उठून स्वयंपाकघरात गेले. देवघरापाशी उदबत्तीचा पुडा होता, गणपतीपासून उरलेला शाडूचा गोळा ओल्या फडक्यात होता आणि काडेपेटी ओट्यावर होती. गुलात गंधक, बाजूच्या पट्टीवर लाल फॉस्फरस. सगळं घरातच होतं.

मग मी आपल्याकडची पानं उलटली. तैत्तिरीय उपनिषदात सृष्टीचा क्रम सांगितला आहे: आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून आप, आपापासून पृथ्वी. पुढच्या दर्शनकारांनी या उतरंडीत एकेक गुण वाढवत नेला. आकाशाला फक्त शब्द. वायूला शब्द आणि स्पर्श. तेजाला त्यात रूप. आपाला रस. पृथ्वीला गंधासकट पाचही. मूर्ती करणाऱ्यासाठी याइतका कामाचा तक्ता मी पाहिलेला नाही. पृथ्वी सर्वांत सोपी, कारण ती हातालाही लागते, डोळ्यांनाही दिसते आणि तिला वासही आहे. वर चढत जावं तसं एकेक गुण हातातून निसटतो. तेजापर्यंत निदान रूप आहे. वायूला रूपच नाही. जे दिसत नाही ते दोन इंचांत उभं कसं करायचं?

मी खालून सुरुवात केली.

पृथ्वीसाठी तारेचा सांगाडा वळवला, त्यावर शाडू चढवला. रुंद खांदे, गुडघ्यापर्यंत लोंबणारे हात. रात्री झाकून ठेवला. सकाळी फडकं काढलं तर छातीपासून मांडीपर्यंत भेगाच भेगा. कारण साधं आहे आणि पेणच्या कोणत्याही कारखान्यात पोरसवदा कारागिरालाही ते ठाऊक असतं. वाळताना माती आक्रसते, तार आक्रसत नाही. मधल्या मधे ओढाताण होऊन माती फाटते. यावर उपाय म्हणजे शाडूत काथ्याचे बारीक तंतू किंवा कागदाचा लगदा मळायचा आणि तारेला सुतळी गुंडाळायची, म्हणजे मातीला धरायला काहीतरी मिळतं. दुसरी मूर्ती मी तशीच केली. ती नीट वाळली, गुळगुळीत, एकसंध. आणि अगदी निर्जीव दिसली.

त्याच आठवड्यात अंधेरीला काम होतं, म्हणून गिल्बर्ट हिलवर गेले. मुंबईत जन्म काढूनही अनेकांनी ती पाहिलेली नसते. अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गराड्यात काळ्या बेसॉल्टचा सुमारे दोनशे फुटांचा उभा सुळका आहे, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. सहा कोटी वर्षांहून जुना हा दगड. ज्या डोंगराचा तो भाग होता तो खाणींनी चारी बाजूंनी तासून नेला. पायथ्याशी उभं राहून वर पाहिलं की उभ्या खांबांची जुडी बांधून ठेवल्यासारखी वाटते, एकेक खांब पाच-सहा कोनांचा. लाव्हा थंड होताना आक्रसला, ताण असह्य झाला आणि तो भेगाळला. भेगा पृष्ठभागापासून आत आत गेल्या आणि त्यांतून हे खांब सुटे झाले. बराच वेळ मी तिथेच उभी होते. माझ्या टेबलावरची शाडूची मूर्ती ज्या कारणाने फाटली, त्याच कारणाने हा सुळका असा झाला होता. एक वाळताना आक्रसली, दुसरा निवताना, एवढाच फरक.

घरी येऊन फुटलेली पहिली मूर्ती पुन्हा हातात घेतली. भेगा बुजवल्या नाहीत. पातळ फेविकॉल आत सोडून त्या घट्ट केल्या. खांद्यांवर आणि पाठीवर एम-सीलच्या षटकोनी कांड्या बसवल्या. दोन्ही लगदे मळले की हाताशी जेमतेम अर्धा तास असतो, त्यात सुरीच्या पात्याने कडा काढून घ्याव्या लागतात. मग काळा रंग सगळीकडे, आणि जवळजवळ कोरड्या ब्रशवर राखाडी घेऊन नुसत्या उंचवट्यांवरून फिरवला. भेगांमध्ये काळा तसाच राहिला. डोक्यावर देवळाऐवजी आळिवाचे वाळलेले चार कोंब चिकटवले. अंधेरीच्या मुलांनी मूर्ती हातात घेतल्याबरोबर ओळखली.

आपाला पुस्तकांत नेहमी निळं रंगवतात. मला ते जमेना. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या दिवशी छातीएवढ्या पाण्यातून जे चालले आहेत त्यांना पाण्याचा रंग विचारा. कोणी निळा म्हणणार नाही, चहासारखा म्हणतील. ग्लू गनमधला गोंद बटर पेपरवर ओघळू देऊन पदर काढले, ते एकावर एक चिकटवून उसळी घेणारी लाट केली आणि तपकिरी शाईचा अगदी पातळ हात दिला. पायथ्याशी खरी वाळू. लाटेच्या कुशीत रबरी स्लिपर, नखाएवढी, फोमच्या तुकड्यातून कापलेली. एकच पाय. बोरिवलीच्या मुलीने ती बघितली आणि काही न बोलता खाली ठेवली. तिच्या घरी त्या दिवसाची आठवण अजून काढतात.

तेजाचं फारसं काही सांगण्यासारखं नाही, ते झटपट झालं. तोच गोंद, पण ओघळ खाली पडू द्यायचे आणि सुकल्यावर उलटे उभे करायचे, की ज्वाळा होतात. आत सेलवरची पणती. रंगवताना मात्र एक चूक सर्रास होते. आत लाल, टोकाला पिवळं असं रंगवतात. समईची ज्योत नीट पाहिली तर उजेड गाभ्यात असतो आणि टोकाकडे ज्वाळा गडद होत जाते. तसंच रंगवलं, टोकांना थोडी काजळी दिली.

वायूने तीन आठवडे छळलं. कापूस पिंजून पाहिला, तो ढग झाला. तारेचं वेटोळं केलं, ते स्प्रिंग दिसलं. शेवटी दर्शनकारांचंच ऐकलं. वायूला रूप नाही, स्पर्श आहे. म्हणजे तो ज्याला शिवतो ते दाखवायचं. शाळेत वहीत पिंपळाचं जाळीचं पान ठेवायची आमची हौस होती. पान पाण्यात कुजू द्यायचं, हलक्या ब्रशने मगज काढायचा, नुसत्या शिरा उरतात. पिंपळाला संस्कृतात चलदल म्हणतात, कारण त्याची पानं वारा नसल्यासारखा असतानाही हलतात. अशी सहा छोटी जाळीदार पानं बारीक तारेवर वेटोळ्यात, एकमेकांपासून सुटी, वर वर जाणारी लावली. मध्ये काही नाही. पंखा लावला की ती थरथरतात आणि मधल्या रिकाम्या जागेत कोणीतरी उभं आहे असं वाटतं.

चौघं तयार झाली आणि घाटकोपरच्या मुलाने विचारलं, “मावशी, आपली तर पाच असतात ना?”

हा वाद त्याच्यापेक्षा फार जुना आहे आणि आमच्या उपनगरातच त्याची एक साक्ष आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. तिथे शतकानुशतकं राहिलेले बौद्ध भिक्खू महाभूतं चारच मोजत. चार्वाकही चारच मानत, कारण आकाश प्रत्यक्ष दिसत नाही. म्हणजे विस्कॉन्सिनच्या खेळाचा हिशेब कान्हेरीशी जुळतो, आमच्या पोथीशी नाही. मी मुलांना कान्हेरीला घेऊन गेले. पावसाळा सरत आला होता, पोढ्या काठोकाठ भरल्या होत्या. त्या पाण्याच्या टाक्यांना तिथल्या शिलालेखांतही पोढीच म्हटलं आहे. मोठ्या चैत्यात आम्ही शिरलो आणि बोरिवलीच्या मुलीने नुसतं ‘ओ’ म्हटलं. आवाज छताला लागून परत आला, स्तूपामागून पुन्हा आला. लेणं म्हणजे कोरून काढलेला दगड. उरलं ते आत चालता येणारं रिकामेपण, आणि त्याला आवाज होता.

घरी येऊन पाचवी मूर्ती एका संध्याकाळीत झाली. दोन इंची जाड पुठ्ठ्याची चकती, काळी रंगवलेली. तिच्यावर आजीची हिरवी काचेची बांगडी उभी रोवली, लहान मापाची, तिच्या लहानपणची. बांगडीच्या वरच्या टोकाला आतून रेशमाच्या धाग्याने एकच घुंगरू बांधलं. बाकी आत काही नाही. रंगवायलाही काही नव्हतं.

नियमपुस्तकात तिचे आकडे नाहीत, म्हणून सूत्रधाराने ते स्वतः लिहिले. मंत्राचा मूळ नियम मात्र त्याने कायम ठेवला. बोलावणाऱ्याचं लक्ष ढळलं की महाभूत त्याच्यावरच उलटतं. त्या रविवारी मांत्रिक होती माझी भाची. सूत्रधाराने सांगितलं, “आकाश तुझ्या डावीकडून चालून येतंय,” आणि चकती एक चौकट पुढे सरकवली. घुंगरू वाजलं. खाली रस्त्यावर कोणीतरी दिवाळीआधीच लवंगी माळ लावली होती, पण टेबलाभोवती कोणाची मान वळली नाही. भाचीने फासा मुठीत धरून ठेवला होता. सूत्रधाराने चकती आणखी एक चौकट पुढे ढकलली.