शिक्षणासाठी दाननिधी

भारतातील अनेक जुन्या खासगी महाविद्यालयांचा पाया दात्यांनी घातला आहे. मद्रासचे धनिक पच्चैयप्पा मुदलियार १७९४ साली मरण पावले. आपली संपत्ती त्यांनी देवस्थाने व धर्मकृत्ये यांसाठी ठेवली होती. पुढे न्यायालयाच्या आदेशाने तिच्यातील शिल्लक रक्कम शिक्षणाकडे वळविण्यात आली. तिच्यातून १८४२ मध्ये शाळा निघाली आणि १८८९ मध्ये त्या शाळेचे महाविद्यालय झाले.

शिक्षणसंस्थेला देणगी देण्याचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिल्या प्रकारात रक्कम एकदाच दिली जाते व खर्च होते. इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळेतील उपकरणे यांसाठी असे दान उपयोगी पडते. अनुदानित महाविद्यालयांत शिक्षकांच्या वेतनाचा मोठा भार शासन उचलते; परंतु वसतिगृह, ग्रंथसंग्रह, गरीब विद्यार्थ्यांचे भोजन यांसाठी संस्थेला बहुधा दात्यांकडेच पाहावे लागते.

दुसरा प्रकार कायम निधीचा. यात मुद्दल अबाधित ठेवून केवळ व्याज खर्च करावयाचे असते. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६६ साली कलकत्ता विद्यापीठास दोन लाख रुपये दिले. कापसाचे भाव कोसळल्यामुळे त्याच सुमारास ते स्वतः दिवाळखोर झाले; निधी मात्र टिकला. आशुतोष मुखर्जी, इतिहासकार जदुनाथ सरकार यांसारख्या विद्वानांना त्यातून शिष्यवृत्ती मिळाली.

तिसरा प्रकार कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी जो निधी स्थापन केला, त्यातून विद्यार्थ्यांना कर्ज मिळे. मिळवते झाल्यावर त्यांनी ते फेडावयाचे, आणि त्याच पैशातून पुढील विद्यार्थ्यांची सोय व्हावयाची. अशा रीतीने एकच रक्कम अनेक पिढ्यांच्या कामी येते. परंतु जिला नोकरी मिळण्याची शाश्वती नाही, किंवा जिच्या घरी आधीच कर्ज आहे, अशा विद्यार्थिनीला हे साहाय्य ओझे वाटण्याचा संभव असतो. तिला परतफेडीच्या अटीवाचून मिळणारी शिष्यवृत्तीच हवी.

कायम निधीचा खरा शत्रू महागाई होय. समजा, एका दात्याने दहा लाख रुपये ठेवले व त्यांवर दरसाल सात टक्के, म्हणजे सत्तर हजार रुपये, व्याज मिळते. ते सर्व वाटून टाकले आणि भाव दरसाल सहा टक्क्यांनी वाढत गेले, तर बारा वर्षांत त्या सत्तर हजारांची क्रयशक्ती निम्मी होईल. एके काळी ज्या पारितोषिकातून वर्षाचा खर्च भागत असे, त्यातून पुढे एखादे पुस्तकही घेता येत नाही, ते याच कारणाने. व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळविणे हा त्यावर उपाय आहे. आज शिष्यवृत्ती थोडी लहान राहील. परंतु तिचे मूल्य टिकेल.

न्यासपत्रातील अटींबाबतही विवेक हवा. विशिष्ट गाव, जात किंवा विषय यांच्याशी बांधलेली शिष्यवृत्ती पात्र विद्यार्थी न मिळाल्यास पडून राहते. अटी बदलण्यासाठी मग विश्वस्तांना न्यायालयाचा किंवा धर्मादाय अधिकाऱ्यांचा दरवाजा ठोठवावा लागतो. मूळ हेतू साधणे अशक्य झाल्यास त्याला जवळचा असा दुसरा उपयोग कोणता करावा, हे दात्याने आरंभीच लिहून ठेवणे श्रेयस्कर होय.

शेवटची बाब वेळेची. वर्षअखेर मिळणाऱ्या शिष्यवृत्तीने गुणांचा गौरव होतो. परंतु प्रवेशाच्या वेळी शुल्क व पहिल्या महिन्याच्या खाणावळीचे पैसे ज्याच्याजवळ नसतात, तो विद्यार्थी त्या गौरवापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून आपली रक्कम विद्यार्थ्याच्या हाती कोणत्या महिन्यात पडेल, हा प्रश्न दात्याने संस्थेला अवश्य विचारावा.