घोडे बदलण्याचं गाव

एसटी ज्या हॉटेलापुढे दहा मिनिटं थांबते, त्या हॉटेलाचं दैव उघडतं. शेजारून नवा रस्ता निघाला की तेच हॉटेल ओस पडतं. हमरस्त्याने फिरणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हे पाहिलेलं असतं. लंडनच्या उत्तरेला सुमारे १२० किलोमीटरवर असलेल्या स्टिल्टन गावातल्या ‘बेल इन’ या दगडी सराईचं असंच झालं. फक्त तिथे हा खेळ तीन शतकं चालला.

स्टिल्टन हे पूर्वीच्या हंटिंग्डनशरमधलं, आता केंब्रिजशरमध्ये मोडणारं, एका मुख्य रस्त्यावरचं गाव. तो रस्ता म्हणजे लंडनहून एडिंबराला जाणारा ‘ग्रेट नॉर्थ रोड’. इंग्लंडमध्ये वाटसरूंकडून टोल घेऊन रस्ता दुरुस्त करण्याचा पहिला कायदा १६६३ साली झाला, तो याच रस्त्यासाठी. त्यात ठरलेल्या तीन नाक्यांपैकी एक स्टिल्टनला होता. गावकऱ्यांनी असा विरोध केला की तो नाका उभाच राहिला नाही. टोलविरोधी आंदोलन ही काही आजची गोष्ट नव्हे!

सराईच्या भिंतीवर १६४२ हे साल आहे. त्याच वर्षी इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली, आणि त्या युद्धातून पुढे आलेला ऑलिव्हर क्रॉमवेल जवळच्याच हंटिंग्डनचा. इमारत चुनखडीच्या दगडाची, खिडक्याही दगडी उभ्या पट्ट्यांनी विभागलेल्या. दर्शनी भागावर लोखंडी नक्षीकामाच्या आधाराने घंटेचं चित्र असलेली तांब्याची भली मोठी पाटी रस्त्यावर झुकलेली आहे. गाडीवानाला ती लांबूनच दिसावी हा हेतू.

मात्र या वास्तूचं मर्म तिच्या कमानीत आहे. मराठी वाड्याचा दिंडी दरवाजा परक्याला थोपवतो, त्याला देवडीवर थांबवतो. सराईची कमान त्याला घोड्यांसकट आत ओढून घेते. चार घोड्यांची गाडी थेट आत यावी इतकी ती रुंद. टपावरच्या उतारूंना मात्र अशा कमानींखाली मान वाकवावी लागे. आत फरसबंद चौक. अशा सरायांत चौकाच्या कडेने घोड्यांच्या पागा, वर वैरणीचे माळे, पुढच्या बाजूला मुदपाकखाना आणि शेकोटीची दालनं असत. मोतद्दार आणि वाढपी यांची धावपळ एकाच चौकात चाले. माणसांची सोय आणि जनावरांची सोय यांत इथे फारसा भेद नव्हता, कारण घोडा थकला की गाडी थांबली आणि गाडी थांबली की धंदा बुडाला.

लांबचा प्रवास त्याच त्या घोड्यांवर होत नसे. साधारण दर पंधरा किलोमीटरला दमलेले घोडे सोडायचे, ताजे जुंपायचे. १७८४ साली जॉन पामर याने लंडन-ब्रिस्टल मार्गावर टपालगाडी सुरू केली आणि या कामाला घड्याळाचा धाक बसला. टपालगाडीला टोल माफ होता. लाल अंगरख्यातला बंदूकधारी रखवालदार दुरूनच शिंग फुंके, म्हणजे नाकेदाराने फाटक उघडून ठेवावं आणि सराईत नवे घोडे तयार असावेत. टपावरचं भाडं आतल्याच्या जवळपास निम्मं. पाऊस आणि थंडी त्यात धरलेली. १७५४च्या सुमारास लंडन-एडिंबरा प्रवासाला उन्हाळ्यातही दहा दिवस लागत. १८३०च्या दशकात तोच प्रवास ४५ तासांच्या आसपास आला. रस्ते सुधारले, गाड्यांना चांगल्या स्प्रिंगा आल्या. पण चौकाचौकातल्या मोतद्दारांचा या वेगात मोठा वाटा होता.

बेलचा सर्वांत नामांकित मालक कूपर थॉर्नहिल. १७४५च्या एप्रिलमध्ये त्याने ५०० गिनींची पैज लावली: स्टिल्टनहून लंडन, परत स्टिल्टन आणि पुन्हा लंडन, हे २१३ मैल पंधरा तासांत घोड्यावरून कापायचे. वाटेत घोडे बदलत त्याने ते सव्वाबारा तासांच्या आसपास पुरे केले. सराईवाल्यासाठी याहून भारी जाहिरात कुठली?

याच थॉर्नहिलने चीजचा व्यापार वाढवला. स्टिल्टनच्या चीजची ख्याती त्याच्याही आधीची. १७२०च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात डॅनिएल डिफोने या चीजला इंग्लंडचं पार्मेझान म्हटलं जातं आणि त्यातले किडेही चमच्याने खाल्ले जातात, अशी नोंद केली. थॉर्नहिलला माल पुरवणाऱ्यांत लेस्टरशरच्या फ्रान्सिस पॉलेट या बाईचं नाव घेतलं जातं. गाड्या थांबत होत्या, उतारू भुकेले होते, आणि जाताना एखादा गोळा लंडनला नेणं सोपं होतं. म्हणून चीजला नाव मिळालं, ते जिथे विकलं जाई त्या गावाचं.

रेल्वेने हा सगळा मांडच मोडला. १८३०मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर मार्ग सुरू झाला. १८५०मध्ये लंडनहून पीटरबरोपर्यंत रूळ पोचले, तेही स्टिल्टनला बाजूला ठेवून. पागा रिकाम्या झाल्या. मोटारींनी रस्ता पुन्हा गजबजला, पण १९५०च्या दशकाच्या अखेरीस हमरस्ता गावाबाहेरून वळवला गेला आणि दुसऱ्यांदा शांतता पसरली. विसाव्या शतकाच्या शेवटी पडझड झालेल्या बेलची डागडुजी झाली. आज तिथे हॉटेल चालतं.

तिथे जेवायला बसलेल्या पाहुण्याच्या ताटात स्टिल्टन चीज असेल, तर ते बाहेरून आलेलं असतं. १९९६ पासून हे नाव कायद्याने राखीव आहे. डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीन काउंट्यांत बनलेल्या चीजलाच ते लावता येतं. स्टिल्टन गाव या तिन्हींत येत नाही.