पाण्याचा न्याय : तारापूरचे सांडपाणी आणि किनाऱ्यावरील गावे

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर हा महाराष्ट्राचा 36 वा जिल्हा झाला. डोंगरात वारली व कातकरी, किनाऱ्यावर मांगेला व कोळी बांधव आणि मध्ये बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत, असे या जिल्ह्याचे रूप आहे. रसायने, औषधे, कापड व पोलाद यांच्या कारखान्यांनी येथील हजारो हातांना काम दिले, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु या प्रगतीची किंमत कोण मोजतो, हा सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे आणि तो विद्यार्थ्यांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कारखान्यांचे सांडपाणी सामुदायिक प्रक्रिया केंद्रात यावे, तेथे शुद्ध व्हावे आणि मग नवापूरच्या समुद्रात सोडले जावे, अशी व्यवस्था आखली गेली. त्या केंद्राची क्षमता होती दररोज अडीच कोटी लिटर. क्षमतेहून अधिक पाणी आले, किंवा एखाद्या कारखान्याने स्वतःच्या आवारातील प्राथमिक प्रक्रिया टाळली, तर घाण पचविणारे जिवाणूच मरतात आणि अर्धवट शुद्ध झालेले पाणी खाडीत व समुद्रात जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 सालच्या निर्देशांकात तारापूरला 100 पैकी 93.69 गुण मिळाले. 70 च्या वर गुण गेले की क्षेत्र अतिप्रदूषित ठरते. तारापूर तर देशात पहिले आले!

या क्रमांकाचा भार नफ्याच्या वाटेकऱ्यांवर पडत नाही. तो नवापूर, दांडी, उच्छेळी, आलेवाडी, मुरबे अशा गावांतील मच्छीमारांच्या जाळ्यात येतो आणि बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या भगिनींच्या पदरी पडतो. मात्र हा समाज केवळ हळहळत बसला नाही. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. लवादाने तज्ज्ञ समिती नेमली आणि 2022 साली कारखान्यांकडून पर्यावरणीय भरपाई वसूल करण्याचा आदेश दिला. ‘जो प्रदूषण करील त्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व 2010 च्या लवाद कायद्यातच आहे.

तेव्हा उणीव कायद्यांची नाही. जलप्रदूषणाचा कायदा 1974 पासून आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची आणि जागरूकतेची. दंड वसूल झाला तरी मेलेली खाडी लगेच जिवंत होत नाही; म्हणून पाणी सोडण्यापूर्वीची तपासणी दंडाहून मोलाची होय. पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल माहितीच्या अधिकाराने मागता येतात आणि त्यावर 30 दिवसांत उत्तर मिळणे बंधनकारक आहे. ते वाचून ग्रामसभेत प्रश्न विचारणे सुशिक्षित तरुणांस सहज शक्य आहे.

20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा समान हक्क बजावला. आज तो हक्क कागदावर सर्वांना आहे. पण पाणीच विषारी झाले तर त्या हक्काला काय अर्थ उरेल? स्वच्छ पाणी राखणे हे त्याच लढ्याचे पुढचे पाऊल आहे. आमचे विद्यार्थी उद्या रसायनतज्ज्ञ, अधिकारी वा सरपंच होतील, तेव्हा त्यांनी हे पाऊल उचलावे, हीच आमची अपेक्षा.