ट्रकने धडक दिली, मग चालक कुठे गेला?

एकदा नववीच्या वर्गात 'प्रयोग' शिकवताना मी सगळ्यांना वर्तमानपत्रातल्या बातम्यांची कात्रणं आणायला सांगितली. त्यातली निम्मी तरी रस्ते अपघातांची निघाली. एक मुलगी म्हणाली, "बाई, माझे पप्पा ट्रक चालवतात. पण पेपरात सगळं ट्रकच करतो, चालवणारा माणूस कुठेच नसतो. असं का?" प्रश्न व्याकरणाचा होता आणि व्याकरणाच्या पलीकडचाही होता.

आपण नेहमी वाचतो तशी ही वाक्ये पाहा.

१) भरधाव ट्रकने दुचाकीला उडवले.
२) नियंत्रण सुटल्याने कार झाडावर आदळली.
३) अज्ञात वाहनाच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू.

पहिल्या वाक्यात कर्ता आहे 'ट्रक'. 'दुचाकीला' हे कर्म. क्रियापद दोघांच्याही मागे जात नाही, म्हणून हा भावे प्रयोग. व्याकरण अगदी बरोबर आहे. पण ट्रक स्वतःहून चालत नाही, तो कुणीतरी चालवत असतं. तो 'कुणीतरी' वाक्यातून गायब झाला. शिवाय दुचाकीवर माणूस बसला होता. बातमीत मात्र उडाली ती दुचाकी!

दुसऱ्या वाक्यात 'सुटणे' हे अकर्मक क्रियापद आहे. हातातून पेन सुटलं म्हणताना आपण चूक कुणाची ते सांगत नाही. नियंत्रणाचंही तसंच. टायर फुटला होता, डुलकी लागली होती, की चालक मोबाइलवर बोलत होता? 'नियंत्रण सुटले' या दोन शब्दांखाली ही सगळी कारणं झाकली जातात.

तिसऱ्यात तर क्रियापदच नाही. आणि 'अज्ञात' खरं तर कोण? न थांबता निघून गेलेला चालक! "धडक देऊन चालक पळून गेला" असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं की हे 'हिट अँड रन' आहे. याचा व्यवहारातही उपयोग आहे. वाहनाचा पत्ता लागला नाही तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये भरपाई मिळू शकते. कित्येक घरांना हे माहीतच नसतं.

आता पोलिसांच्या फिर्यादीची भाषा पाहा. तिथे साधारण असं लिहिलेलं असतं: 'आरोपीने त्याच्या ताब्यातील ट्रक हयगयीने व अविचाराने भरधाव वेगात चालवून...' इथे कर्ता माणूस आहे आणि ट्रक झाला कर्म. कायदा वाहनाला नाही, माणसाला जबाबदार धरतो.

मग बातमीत थेट "चालकाच्या चुकीमुळे अपघात" असं लिहावं का? नाही! चूक कुणाची हे तपासात आणि न्यायालयात ठरतं. 'भरधाव' हा शब्दसुद्धा आपण सवयीने लावतो. वेग कुणी पाहिला, कुणी मोजला, हे बातमीत असायला हवं. ब्रिटनमध्ये २०२१ साली रस्त्यावरील धडकांच्या वार्तांकनासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. त्यांत हेच सांगितलं आहे: चालक असताना नुसत्या वाहनाबद्दल लिहू नका, आणि सर्व तथ्ये कळेपर्यंत 'ॲक्सिडेंट' म्हणजे 'योगायोगाने घडलेलं' असं सुचवू नका.

आपल्याकडे 'काळाचा घाला', 'काळ बनून आलेला ट्रक' असे शब्द सर्रास येतात. ऐकायला जोरदार वाटतात, पण त्यात सगळं नशिबावर जातं. खड्डा, अंधार, चुकीचा दुभाजक, सलग पंधरा-सोळा तास गाडी चालवायला लावणारा मालक, यांच्याबद्दल मग कुणी विचारत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. एवढी माणसं निव्वळ नशिबाने जात नाहीत. कारणं असतात, आणि कारण कळलं तरच उपाय करता येतो.

वर्गात आम्ही पहिलं वाक्य असं दुरुस्त केलं: "ट्रकचालकाने दुचाकीला मागून धडक दिली, दुचाकीस्वार जागीच ठार झाला. कारणाचा तपास सुरू आहे." यात कुणावर आरोप नाही, पण दोन्ही माणसं दिसतात. ती मुलगी म्हणाली, "बाई, आता पप्पा असते तर त्यांनाही विचारता आलं असतं, नेमकं काय झालं ते." मला तिचं म्हणणं पटलं. वाक्यात माणूस असेल तरच त्याला प्रश्न विचारता येतो, आणि त्याची बाजूही ऐकता येते.

स्वाध्याय : या आठवड्यातील अपघाताच्या तीन बातम्या कापा. प्रत्येकीतला कर्ता अधोरेखित करा, प्रयोग ओळखा, आणि चालक व जखमी व्यक्ती दोघेही दिसतील अशा रीतीने वाक्य पुन्हा लिहा. जे माहीत नाही ते मनाचं घालू नका.