छत्री, खापर आणि शिलालेख

रहस्यकथा वाचणें हा वेळेचा अपव्यय होय, असें मानणारीं वडील माणसें प्रत्येक घरांत असतात. आणि तींच माणसें, दुपारीं सामसूम झाली असतां, मुलांच्या उशाखालचें पुस्तक हळूच ओढून घेतात, हेंही प्रत्येक घरांत घडतें. ह्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. कोडें समोर आलें असतां तें सुटेपर्यंत स्वस्थ न बसणें हा मनुष्यबुद्धीचा धर्मच आहे. प्रश्न एवढाच कीं, पुस्तक मिटल्यावर ती बुद्धि पुन्हां झोपीं जाते कीं जागी राहते? जागी ठेवणाऱ्या एका इंग्रजी कथामालेचा परिचय आम्ही येथें करून देणार आहों; आणि तिचाच धागा धरून वाचकांस मिसर देशांतून आपल्या चिंचवड-चाकणच्या परिसरांत व शेजारच्या मावळांत घेऊन येणार आहों.

अमेलिया पीबॉडी ही ह्या मालेची नायिका. पहिल्या कादंबरीचें नांव ‘क्रोकोडाइल ऑन द सँडबँक’, म्हणजे पुळणीवरची मगर. ती इ. स. १९७५ मध्यें प्रसिद्ध झाली. विसावी व शेवटची २०१७ मध्यें. कथेचा काळ मात्र १८८४ पासून सुरू होऊन तूतनखामेनच्या थडग्याच्या शोधापर्यंत, म्हणजे १९२२-२३ पर्यंत, चालतो. वृद्ध व विद्याव्यासंगी वडिलांची सेवा अमेलियानें एकटीनें केली; भाऊ आपापल्या संसारांत गढलेले होते. वडिलांनीं सर्व संपत्ति हिच्या नांवें करून ठेविली आहे असें कळतांच, जिची विचारपूस कोणी करीत नव्हतें तिच्याभोंवतीं आप्तेष्ट व लग्नोत्सुक गृहस्थ गोळा झाले. बत्तीस वर्षांच्या अमेलियानें सर्वांस दुरून नमस्कार केला आणि मिसरची वाट धरली. वाटेंत रोम शहरीं एव्हलिन नांवाची एक निराधार तरुणी भेटते. तिला ती मैत्रीण म्हणून बरोबर घेते. नाइल नदीच्या कांठीं अमार्ना येथें रॅडक्लिफ एमर्सन हा तापट पण सचोटीचा उत्खननकार आजारानें अंथरुणास खिळलेला असतो. त्याच्या शुश्रूषेच्या निमित्तानें कामाचीं सूत्रें अमेलियाच्या हातीं येतात, आणि मग एके रात्रीं तेथें चक्क एक ममी चालूं लागते! पुढें काय होतें तें सांगून आम्ही वाचकांचा विरस करणार नाहीं.

अमेलियाच्या हातीं सदैव एक छत्री असते. ती उन्हांत सावली देते, चढणीवर काठी होते आणि प्रसंगीं चोराच्या मस्तकावरही बसते. परंतु चोर सांपडतो तो छत्रीमुळें नव्हे. कोणती वस्तु जागची हलली, कोणती माती पूर्वीं खणलेली आहे, कोणाचें बोलणें त्याच्या वागण्याशीं जुळत नाहीं, हें ती बारकाईनें पाहते, म्हणून तो सांपडतो. घर चालविणाऱ्या कोणत्याही गृहिणीस ही दृष्टि परकी वाटणार नाहीं. डब्याचें झांकण किंचित् तिरपें दिसलें कीं लाडू कोणीं खाल्ला हें जिला कळतें, तिला अर्धें संशोधनशास्त्र अवगतच आहे!

ह्या कादंबऱ्या लिहिणारी ‘एलिझाबेथ पीटर्स’ म्हणजे बार्बरा मर्ट्झ (१९२७-२०१३) ही अमेरिकन विदुषी. शिकागो विद्यापीठांत मिसरविद्येचा अभ्यास करून तिनें १९५२ मध्यें पीएच्. डी. मिळविली, परंतु त्या काळीं विवाहित स्त्रीस ह्या विषयांत नोकरी मिळणें दुरापास्त होतें. दोन मुलांचा संसार संभाळून तिनें लेखणी हातीं धरली. १९६४ मध्यें प्राचीन मिसरचा सुबोध इतिहास लिहिला, आणि पुढें कादंबऱ्यांकडे वळतांना मुलगी एलिझाबेथ व मुलगा पीटर ह्यांच्या नांवांवरून आपलें टोपणनांव बनविलें. जें उत्खनन तिला प्रत्यक्षांत करावयास मिळालें नाहीं, तें तिनें अमेलियाकडून वीस ग्रंथांत करविलें. विद्या होती, पण दार बंद होतें. ही ह्या विनोदी कथामालेच्या मागची गंभीर गोष्ट आहे.

अमेलिया हें नांवही अर्थपूर्ण आहे. अमेलिया एडवर्ड्स (१८३१-१८९२) ही इंग्रज लेखिका १८७३-७४ च्या हिवाळ्यांत नाइलच्या प्रवासास गेली आणि तेथील प्राचीन वास्तूंची लूटमार पाहून व्यथित झाली. तिनें १८८२ मध्यें मिसरच्या शास्त्रशुद्ध संशोधनासाठीं एक संस्था उभी केली, आणि मृत्युपत्रानें आपलें धन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजास दिलें, कारण तेथें स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीनें पदवी घेतां येत असे. त्या देणगींतून निर्माण झालेल्या अध्यासनावर फ्लिंडर्स पेट्री हा पहिला प्राध्यापक आला. त्याची विद्यार्थिनी मार्गारेट मरे ही तर आपल्या कलकत्त्यास १८६३ मध्यें जन्मलेली. पुढें तिनें त्याच कॉलेजांत पिढ्या घडविल्या, आणि वयाचीं शंभर वर्षें पुरीं केलीं.

पेट्रीनें जगास शिकविलें तें हें कीं, सोन्याच्या मुखवट्यापेक्षां फुटक्या मडक्याचें खापर अधिक बोलकें असतें. सोनें वितळवून पुन्हां घडवितात. खापर फेंकून देतात, म्हणून तें पडलें तेथेंच राहतें. शिवाय मडक्याचा घाट पिढीगणिक बदलतो. एका जातीच्या मडक्यांना आरंभीं धरावयास खरे कान होते. पुढें ते लहान होत होत शेवटीं नुसती नागमोडी नक्षी उरली. ह्या क्रमावरून पेट्रीनें लेख नसलेल्या थडग्यांचाही पूर्वापर क्रम लाविला. आपल्या माळ्यावरील कल्हईचीं पितळी पातेलीं, त्यानंतरचीं ॲल्युमिनियमचीं आणि आजचीं स्टेनलेस पोलादाचीं भांडीं ओळीनें मांडलीं, तर आजी, आई व सून ह्यांचा काळ जसा डोळ्यांपुढें उभा राहतो, तसेंच हें आहे.

मिसर देश दूर खरा. पण आपल्या सह्याद्रीस तो तितका दूर नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत मिसरांत राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें समुद्रप्रवासाची जी माहिती लिहून ठेविली आहे, तींत आपलें कल्याण, पैठण आणि तगर म्हणजे आजचें तेर हीं स्थळें आलीं आहेत. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके ह्या मिसरी बंदरांत १९९४ पासून उत्खनन झालें, आणि त्याच्या दोघां प्रमुखांपैकीं विलेके वेंड्रिख ही एक स्त्री होती. तेथें एका हिंदी बनावटीच्या रांजणांत सुमारें साडेसात किलो काळीं मिरीं निघालीं. सागवानी लांकूड निघालें. आणि २०२२ मध्यें तर बुद्धाची मूर्ति सांपडली. अमेलियेच्या कल्पित ममीपेक्षां हा मिऱ्यांचा रांजण आम्हांस अधिक रोमहर्षक वाटतो.

आतां आपला नकाशा पाहावा. कोंकणांतील बंदरांतून घाटावर येणाऱ्या जुन्या वाटांपैकीं एक बोरघाटानें चढून कार्ले-भाजें येथील लेण्यांजवळून पुढें येई. दुसरी नाणेघाटानें जुन्नरास पोंचे. आज पहिल्या दिशेस पिंपरी-चिंचवडहून लोणावळ्याकडे आगगाडी जाते, आणि दुसऱ्या दिशेस भोसरी-चाकणवरून नाशिकचा हमरस्ता. म्हणजे आपला हा औद्योगिक पट्टा ह्या दोन पुरातन वाटांच्या मध्येंच वसला आहे.

मळवली स्टेशनास उतरून कार्ल्याच्या चैत्यांत जावें. तेथील खांबांवर दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत, आणि त्यांतील कित्येक स्वतःस धेनुकाकटचे यवन म्हणवितात. यवन म्हणजे ग्रीक. पण एकाचें नांव सीहधय, म्हणजे सिंहध्वज! हे परदेशी व्यापारी इतके येथले कधीं झाले? आणि हें धेनुकाकट होतें तरी कोठें? कोणी तें आंध्रांत दाखवितात, कोणी कोंकणच्या किनाऱ्यावर. दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनीं तें कार्ल्याच्या आसपासच असलें पाहिजे असें प्रतिपादिलें. निकाल अद्याप लागलेला नाहीं. त्याच लेण्यांत गृहस्थ महादेवणकाची आई भायिला हिच्या दानाचाही लेख आहे. राजे विस्मृतींत गेले, पण मुलाचें नांव पुढें करून आपलेंही नांव दगडांत ठेवून गेलेली ही एक गृहिणी दोन सहस्र वर्षें तेथें आहे. नाणेघाटांत तर सातवाहन राणी नागनिकेच्या यज्ञांची व दक्षिणांची यादीच कोरलेली आहे.

हे लेख वाचणाऱ्या स्त्रियाही आपल्याकडे झाल्या. इरावतीबाई कर्वे (१९०५-१९७०) ह्यांनीं बर्लिनला मानववंशशास्त्राचें अध्ययन केलें. युरोपीयांच्या कवटीची ठेवण श्रेष्ठत्वाची खूण आहे, असें त्यांच्या गुरूंचें अनुमान होतें. बाईंनीं कवट्या मोजल्या आणि तसा भेद आढळत नाहीं असें निर्भीडपणें लिहिलें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत असतांना १९४४ मध्यें हसमुख सांकलिया ह्यांच्याबरोबर गुजरातेंत लांघणज येथें अश्मयुगीन मानवी सांगाड्यांचें संशोधन त्यांनीं केलें. ‘युगान्त’ लिहिणारी लेखणी आणि हाडें मोजणारें हात एकाच बाईंचे होते, हें आपल्या मुलींना सांगितलें पाहिजे.

दुसऱ्या शोभनाताई गोखले (१९२८-२०१३). ब्राह्मी लिपि व जुनीं नाणीं हा त्यांचा विषय. कान्हेरीच्या लेखांवरील त्यांचा ग्रंथ १९९१ मध्यें निघाला. परंतु आमच्या परिसरास त्या जवळच्या वाटतात त्या पाले येथील लेखामुळें. चिंचवडहून गाडीनें तासाभराच्या आंत कामशेत येतें. तेथून जवळच्या पाले गांवच्या डोंगरांत एक लहान लेणें आहे. त्यांतील ब्राह्मी लेखाचें वाचन सांकलिया व शोभनाताई ह्यांनीं प्रसिद्ध केलें. भदंत इंद्ररक्षित ह्यानें हें ‘लेण’ व पाण्याची ‘पोढी’, म्हणजे टाकें, करविलें, असा त्याचा आशय. ‘लेणें’ हा आपल्या रोजच्या बोलण्यांतला शब्द तेथें दोन हजार वर्षांपूर्वीं कोरलेला आहे! लेखाच्या आरंभीं अर्हंतांस वंदन आहे. त्यावरून वाचकद्वयानें तें जैन लेणें ठरविलें व महाराष्ट्रांतील अतिप्राचीन जैन लेखांत त्याची गणना झाली. परंतु अर्हंत हा शब्द बौद्धांतही रूढ असल्यामुळें इतर विद्वानांनीं शंका घेतली. काळाविषयींही मतभेद आहेत. एका ओळीच्या आरंभावर एवढें रहस्य! आणि येथें शेवटचें पान उलटून उत्तर पाहण्याची सोय नाहीं.

मिसरच्या कथांत एक अब्दुल्ला आहे. तो एमर्सनच्या मजुरांचा मुकादम. कोणत्या दगडाखालीं पोकळी आहे हें त्याची कुदळ ओळखते. तरी ग्रंथावर नांव साहेबाचें यावयाचें. परदेशी सत्तेखालीं आपल्याही भूमीचा इतिहास बराच काळ असाच लिहिला गेला: कुदळ आपली, लेखणी परक्याची. आतां दोन्ही आपल्या हातीं आहेत. मग हयगय झाली तर तिचा दोष कोणाला देणार?

आणि हयगयीस वेळ उरलेला नाहीं. १९५४ मध्यें पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली; १९८२ मध्यें महानगरपालिका झाली; पुढें चाकणचीं शेतेंही मोटारींच्या कारखान्यांनीं व्यापलीं. कारखान्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. सहस्रावधि कुटुंबांच्या चुली त्यांवर पेटतात. परंतु पाया खणणारें यंत्र एका दिवसांत जेवढी माती उपसतें, तेवढी पाहण्यास संशोधकास कित्येक हिवाळे लागतील. १६६० मध्यें शाएस्तेखानाच्या प्रचंड सैन्यापुढें फिरंगोजी नरसाळ्यानें सुमारें दोन महिने लढविलेला चाकणचा संग्रामदुर्ग आज गांवाच्या वस्तींत पडक्या तटाबुरुजांनिशीं उभा आहे. गांवोगांवच्या देवळांपुढील वीरगळ शेंदराखालीं, नाहींतर डांबराखालीं जात आहेत.

ह्यावर घरोघर करण्यासारखें कांहीं आहे. वर्षांतून एक रविवार लेण्यांस किंवा किल्ल्यास जावें. जातांना छत्री न्यावी. ऊन तर टळेलच, शिवाय दगडाशेजारीं ती ठेवून छायाचित्र घेतलें म्हणजे त्याचें माप कळतें. अक्षरें उठून दिसावींत म्हणून त्यांत खडू, तेल वा चुना भरूं नये. त्यानें लेख कायमचा बिघडतो. सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हांत तो आपोआप दिसूं लागतो. खापर किंवा मूर्ति घरीं आणूं नये. जागेवरून हललेली वस्तु मुकी होते. जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची चीज सांपडल्यास कलेक्टरास कळविलें पाहिजे, असा १८७८ चा कायदाही आहे. नव्वदीच्या आजीस गांवच्या जुन्या वाटा व टाकीं विचारून वहींत लिहून ठेवावीं. तोही एक शिलालेखच आहे, आणि तो दगडाइतका टिकणारा नाहीं.

शेवटीं घरांतील वडील मंडळींस विनंति. ज्या मुलीच्या उशाखालीं रहस्यकथा सांपडेल, तिला रागें भरूं नये. ती पुण्यास ब्राह्मी लिपि शिकूं म्हणेल, उत्खननाच्या तंबूंत दोन महिने राहूं म्हणेल, तर “मुलीच्या जातीस हें कशाला?” असें म्हणण्यापूर्वीं बार्बरा मर्ट्झचें बंद दार आठवावें. विवाहित सुनेस ही आवड असेल, तर तिच्या वांट्याचा स्वयंपाक एक दिवस दुसऱ्या कोणीं करावा, व पालेच्या डोंगरावर तिला सोबत द्यावी. धेनुकाकट अद्याप सांपडावयाचें आहे.