द्वाड कोणाला म्हणायचं?

भाचा दुसरीत असताना मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या माझ्या बहिणीला शाळेतून चिठ्ठी आली. मुलगा बाकावर टिकत नाही, शेजाऱ्याच्या वह्या ओढतो, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर ओरडतो. दाखला काढून दुसऱ्या शाळेत घातलात तर बरं. मामा या नात्याने मी सल्ला दिला, दोन फटके द्या, सरळ येईल. त्या सल्ल्याची खंत म्हणून गेली बारा वर्षं मी या विषयावर मिळेल ते वाचतो आहे. मी डॉक्टर नाही. वाचून आणि विचारून जे कळलं, ते इथे मांडतो.

'एडीएचडी' हे नाव १९८७ सालचं. मुलं मात्र जुनीच. फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन यांच्या १८४०च्या दशकातल्या चित्रपुस्तकात जेवणाच्या टेबलावर स्वस्थ न बसणारा फिलिप भेटतो. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल यांनी बुद्धी चांगली असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांवर व्याख्यानं दिली. पण उणीव त्यांना नैतिक संयमात दिसली. आपल्या 'द्वाड' या शब्दातही तोच निवाडा दडलेला आहे.

आजची समज वेगळी आहे. अशा मुलाला नियम ठाऊक असतो; ऐन क्षणी थांबणं जमत नाही. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईच्या लाडांनी हा विकार होत नाही. मोबाइलच्या खेळात तासभर रमणारा मुलगा पाढ्यांना पाच मिनिटं बसत नाही, यात लबाडी नसते. खेळात बक्षीस लगेच मिळतं, पाढ्यांत मिळत नाही. काही मुलं, विशेषतः मुली, दंगा न करता नुसत्या हरवलेल्या असतात. त्यांच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही.

वर्तनाचे विकार याहून निराळे. मोठ्यांशी सतत हुज्जत, चिडचिड, मुद्दाम डिवचणं हे किमान सहा महिने चाललं तर डॉक्टर 'ओडीडी'चा विचार करतात. मारहाण, चोरी, नासधूस असं इतरांच्या हक्कांवर येणारं वागणं वारंवार घडलं, तर तो 'कंडक्ट डिसऑर्डर' असू शकतो. एडीएचडीच्या जोडीला ओडीडी अनेकदा आढळतो. दिवसभर बोलणी आणि मार खाणारं मूल हळूहळू उलटून बोलू लागतं, आणि फटक्यांनी ही दरी रुंदावते. माझ्या सल्ल्यातली चूक मला इथे सापडली.

निदानाची एक अट उपनगरांत राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. लक्षणं बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली हवीत आणि घर, शाळा, खेळ अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. दीड खोलीचं घर, गच्च भरलेला वर्ग, मग शिकवणी. यात कोणतंही मूल चुळबुळ करील. त्रास फक्त वर्गातच असेल तर आधी डोळे, कान तपासावेत. इंग्रजी माध्यम झेपतंय का, हेही पाहावं.

उपचार आहेत. लहान मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण : एका वेळी एकच सूचना, चांगल्या वागण्याची तत्काळ दखल. गरजेनुसार पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत तपासणी होते. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन-अक्षमतेसाठी क्लिनिक आहे.

आणि दाखल्याचं काय? २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवरही बंदी आहे. २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र या कायद्यातून वगळल्या गेल्या. बहिणीला हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आम्ही दाखला काढला. निदान झालं तेव्हा भाचा चौथीत होता.

ती दोन वर्षं परत येत नाहीत. म्हणून एवढंच सांगतो, कोणाच्या मुलाला द्वाड म्हणण्याआधी विचारा, हे त्याला करायचं नाही, की त्याला जमत नाही?