मृगापूर्वी भिंतीची निगा

बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार आदी तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची कुटुंबे मोठ्या संख्येने साखर कारखान्यांच्या मार्गाला लागतात. पुढील पाच-सहा महिने त्यांचा संसार फडाजवळच्या कोपीत असतो. कोपीचे आच्छादन फाटले की ताडपत्री ओढून वेळ निभावता येते. मात्र गावी कुलूप लावून ठेवलेल्या माळवदाच्या घराची भिंत मागील पावसाळ्यात जशी खचली तशीच राहते आणि चैत्रात परतल्यावर दुरुस्तीसाठी मृग नक्षत्रापर्यंतचे, म्हणजे ७ जूनच्या आसपासपर्यंतचे, काही आठवडेच हाती उरतात.

भिंत प्रथम कोठे झिजते, हे पाहणे उद्‌बोधक आहे. माळवदाचे पाणी पन्हळीतून खाली पडते. पन्हळ आखूड वा फुटकी असली तर ते भिंतीवरून ओघळते आणि जमिनीवरून उडणारे शिंतोडे जोत्यालगतची हात-दीड हात माती धुऊन नेतात. त्यावरील भाग कोरडा व भक्कम दिसत असल्याने घरधनी निश्चिंत राहतो. खरे तर भिंतीचा पायाच त्या वेळी पोखरला जात असतो. म्हणून पन्हळ भिंतीपासून चांगली बाहेर काढणे व भिंतीलगत मुरूम चोपून बाहेरच्या बाजूस उतार देणे, ही कामे लिंपणाच्या आधी करावयाची आहेत. उलट क्रमाने केलेले लिंपण पहिल्याच वळवात वाहून जाते.

अलीकडे मातीच्या भिंतीस बाहेरून सिमेंटचा गिलावा करण्याकडे कल आहे. घर पक्के झाल्याचे समाधान त्यातून मिळते, हे नाकारता येत नाही. पण माती ओल शोषते व सोडते, तर सिमेंटचा कडक थर ती ओल आत कोंडतो. दोघांचे आकुंचन-प्रसरणही सारखे नसते. थोड्याच वर्षांत गिलावा सुटतो आणि पडताना भिंतीची माती सोबत घेऊन पडतो. बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला, तर थर सुटला आहे असे समजावे.

लिंपणासाठी पांढरी माती घ्यावी. काळी माती वाळताना भेगाळते, म्हणून ती वर्ज्य होय. माती, गव्हाचे भुसकट व पाणी एकत्र करून काही दिवस भिजू द्यावे व रोज पायांनी तुडवावे. भुसकट कुजू लागले की चिखलास चिकटपणा येतो. सैल माती खरवडून, भिंत शिंपडून ओली करावी व पहिला जाड हात द्यावा. तो वाळल्यावर शेण-मातीचा पातळ हात फिरवावा. भर दुपारच्या उन्हात हे काम करू नये. या कामातील खरे ज्ञान गावोगावच्या वृद्ध स्त्रियांकडे आहे. अभियंत्यांनीही त्यांना विचारण्यात कमीपणा मानू नये.

मात्र सर्वच भिंती लिंपणाने सुधारत नाहीत. दगडी भिंतीस पोट आले असेल, तर आतील व बाहेरील थर एकमेकांपासून सुटले आहेत, असा त्याचा अर्थ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत अशाच मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे झोपेतील माणसांवर कोसळली. भिंतीच्या आरपार जाणारे सांधदगड त्यांत बहुधा नव्हते. भारतीय मानक १३८२८ नुसार असे दगड उंचीत ६० सेंटीमीटर व लांबीत १.२ मीटरपेक्षा अधिक अंतरावर नसावेत. पोट आलेल्या भिंतीवर चिखलाचा हात फिरवणे म्हणजे धोका झाकणे होय. तिला टेकू द्यावा, त्या खोलीत झोपणे बंद करावे व माळवदावर दरवर्षी चढविलेला मातीचा जादा थर जाणकाराच्या देखरेखीखाली उतरवावा.

ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी वैशाखात गावातून एक फेरी मारून अशा भिंतींची नोंद करावी. जी कुटुंबे अद्याप कारखान्यावरून परतलेली नाहीत, त्यांच्या घरांच्या रस्त्याकडील भिंतीही या नोंदीत घ्याव्यात. शाळेत जाणारी मुले त्याच भिंतींच्या कडेने चालतात.